मापाचं माणूस

फोटोवाल्यांना माणसांच्या तोंडांचा मनापासून तिटकारा होता, आणि पोट त्याच तोंडांवर चालत होतं. दोष तसा कुणाचाच नव्हता. राग मात्र घरात निघायचा.

दुकान बाजाराच्या रस्त्याला होतं. पुढे काउंटर, मागे निळा पडदा, पडद्यापुढे फिरतं स्टूल. खिळ्याला एक काळा कोट आणि गाठ मारूनच ठेवलेला टाय. ओळखपत्राच्या फोटोसाठी येणारा जो तो तोच कोट चढवायचा, त्यामुळे गावातली निम्मी माणसं सरकारदरबारी एकाच कोटात होती. आरशाला कंगवा दोरीने बांधलेला, कारण न बांधलेल्या कंगव्यांना पाय फुटतात. दिवसभर फोटोवाले म्हणायचे, "हनुवटी वर. इतकी नको. खांदा सैल." आणि दिवसभर गिऱ्हाईक म्हणायचं, "यात मी जाड दिसतो", "यात मी म्हातारी दिसते", "हा मी नाहीच."

"त्यापेक्षा डोंगर बरा," फोटोवाले म्हणायचे. "डोंगर खोटं बोलत नाही." खरी गोष्ट एवढीच होती, की डोंगर फोटो परत आणून देत नाही.

सुट्टीचा दिवस आला की उजाडायच्या आत ते निघायचे. डोंगर, माळ, तळी, वाळलेली झाडं, जिथे म्हणून कुणी "यात मी कसा दिसतो" असं विचारणार नाही, तिथे जायचे. आणि इथे खोटं बोलून चालणार नाही, माणूस होता कसबी. एकाच टेकडीकडे ते वर्षानुवर्षं गेले. कुठल्या महिन्यात उजेड कुठल्या घळीत उतरतो, वारा पडल्यावर पाणी किती वेळात स्थिर होतं, ढगाची सावली कुठवर सरकली की माळ जिवंत दिसतो, हे त्यांना घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. दुकानात पाच मिनिटं थांबावं लागलं तर चरफडणारा हा माणूस एका ढगासाठी अख्खी सकाळ तोंडातून शब्द न काढता उभा राहायचा. "उजेड आपल्या हातात नसतो," ते म्हणायचे. "आपल्या हातात फक्त थांबणं असतं."

थांबायची ती मात्र दुसरीच.

नुसत्या डोंगराला माप नसतं, हे त्यांना लग्नानंतर पहिल्या वर्षीच कळलं. केवढाही कडा असो, कागदावर उतरला की अंगणातल्या मातीच्या ढिगाएवढा दिसायचा. मग एकदा नवी बायको चुकून चौकटीत आली. लांब होती, पाठमोरी, तिळाएवढी. फोटो धुऊन वर आला आणि फोटोवाले अंधाऱ्या खोलीत नाचायचेच बाकी राहिले. तिळामुळे कडा आभाळाला भिडला होता. त्या दिवसापासून ती त्यांची बायको कमी आणि मापाचं माणूस जास्त झाली. मित्रांपुढे ते तिला 'आमचा तीळ' म्हणायचे. मित्र हसायचे. तीही हसायची, नवी होती.

तिच्यासाठी त्यांनी एक लाल शाल आणली. तिला लाल रंग आवडत नव्हता, पण तिला कोण विचारतंय, डोंगराला लाल शोभत होता. नियम ठरले. तोंड कॅमेऱ्याकडे करायचं नाही. तोंड दिसलं की बघणारा तोंडच बघत बसतो, डोंगर गेला उडत. बसायचं नाही. हलायचं नाही. ते लांबून पांढरा रुमाल दाखवायचे. डावीकडे हलला की तिने डावीकडे सरायचं, खाली पडला की थांबायचं. आणि इतकं करूनही वाऱ्याने शाल फडफडली, माशी बसली म्हणून मान हलली, की परतल्यावर एकच वाक्य ठरलेलं असायचं. "हललीस. गेलं सगळं वाया."

तिच्या बाजूने एकच खूण होती, आणि तीही त्यांनीच घालून दिलेली. मुलगी पोटात असताना एकदा तिला भोवळ आली आणि ती खडकावर बसली. उजेड नेमका तेव्हाच आला होता. फोटोवाले तणतणत गेले. "बसायचं काय? बसलीस की चित्रच मोडतं. उभं राहवलं नाही तर हात वर कर, सरळ वर. मी येतो." तिला ते 'मी येतो' फार गोड लागलं. इतकी वर्षं संसार करून नवऱ्याने तिला दिलेलं वचन म्हणावं असं तेवढं एकच.

तिने ते सांभाळून वापरलं. एकदा पायावरून साप गेला तेव्हा हात वर केला, ते आले आणि घरी पोचेपर्यंत बोलत राहिले. साप केव्हाच गेला होता, उजेडही गेला होता. त्यानंतर तिने हात वर करायचं सोडूनच दिलं. थंडीत पोटऱ्या गोठल्या, उन्हात डोळ्यांपुढे काजवे चमकले, ती उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, इतकं सोसलं कशाला? सांगतो. ती पाठमोरी उभी असायची, म्हणजे समोरचा सगळा देखावा आधी तिचा असायचा, काच मध्ये न येता. उतरतं ऊन, धुक्यातून वर येणारी झाडं, तळ्यावर एकदम उठणारे पक्षी. ते काय बघितलंस म्हणून तिला कधी कुणी विचारलं नाही, पण बघितलं ते बघितलं. आणि दुसरं कारण सांगायला लाज वाटावी असं आहे. घरात फोटोवाले तिच्याकडे बघत नसत. ताट वाढताना नाही, ताप आला तरी नाही. पण डोंगरात ते डोळा काचेला लावून तासन्‌तास बघत, आणि त्या काचेत ती होती. पाठीवर त्यांची नजर आहे असं तिला वाटायचं. तेवढ्या वाटण्यावर बाईने तारुण्य काढलं. मूर्ख म्हणा हवं तर, मीही म्हणतो.

मुलगी मोठी झाली, दुसऱ्या गावी शाळेत शिकवायला लागली. ती यायची तेव्हा भांडायची. "बाबा, आईच्या गुडघ्यांचं काय झालंय बघा तरी. एखादा पुतळा आणा ना लाल शालीचा."

"पुतळा कळतो," फोटोवाले गंभीरपणे म्हणायचे. त्यांचा तो विचार करून झाला होता.

मग ती सकाळ आली. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता आणि गावाबाहेरचं मोठं तळं तळापर्यंत आटलं होतं. मैलभर भेगाळलेली माती, पलीकडे डोंगर, आणि आभाळात एक प्रचंड काळा ढग नुसता फिरत होता. फोटोवाल्यांना रात्रभर झोप नव्हती. तिचं डोकं उठल्यापासून जड होतं. चहाचा कप तिच्या डाव्या हातातून निसटला.

"आज राहू दे का हो?" ती म्हणाली. "जीभ जड झाल्यासारखी वाटतेय."

"मग बोलू नकोस. बोलायचं काम आहे का तिथे?" फोटोवाले बुटांची नाडी बांधत म्हणाले. "असला ढग काही रोज येत नाही."

तळ्याच्या काठावर तिनेच नेहमीप्रमाणे स्टँड रोवला, त्याचे पाय मातीत नीट बसवले, त्यावर कॅमेरा आडवा चढवला आणि स्क्रू आवळला. डोंगर रुंद होता, आडवाच लागणार. मग शाल घेऊन ती त्या भेगाळ जमिनीवरून चालत निघाली. ढेकळं पायाखाली फुटत होती. मागे वळून बघितलं तर रुमाल अजून हलतच होता, अजून पुढे, अजून पुढे. रुमाल पडला तेव्हा ती इतकी लांब होती की काठावरचे फोटोवालेच तिळाएवढे दिसत होते.

ती पाठ करून उभी राहिली. डोंगराच्या खांद्यावर ऊन येत होतं, आणि ती ते बघत असतानाच तिचं डावं अंग तिचं राहिलं नाही. आधी पाय गेला, वाळूचं पोतं लटकवल्यासारखा. मग हात. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला. ती घाबरली, पण हलली नाही. इतक्या वर्षांचं वळण. आणि मग तिने कितीतरी वर्षांनी उजवा हात सरळ वर केला.

मी येतो, असं ते म्हणाले होते.

तिने वाट बघितली. मागून पावलांचा आवाज येईल म्हणून कान टवकारले. एका पायावर सगळा भार घेऊन, दात आवळून, हात वर ठेवून ती उभी राहिली. ढगाची सावली डोंगर उतरून तळ्यात आली, तिच्या अंगावरून गेली, पुढे गेली. पावलं काही आली नाहीत. शेवटी हात गेला आणि तीही गेली, ढेकळांवर तोंडावर पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला होता?"

"छे, लगेच आणलं," फोटोवाले म्हणाले. "पडलेली दिसली तसा धावलो."

"थोडं आधी कळलं असतं तर बरंच वाचलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मुलगी आली होती. बापाला बाहेरच्या बाकड्यावर बसवून तिने सरळ विचारलं, "बाबा, आईने हात वर केला असेल. तुम्हाला दिसला नाही?"

"अगं, तिळाएवढी दिसते ती तिथून. कुठला हात नि काय. आईची शपथ, मला काही दिसलं नाही."

आई आत पडून होती. शपथ तिच्या कानावर आली. तिने ती खरी मानली, आणि मनाला बरं वाटलं. दिसलंच नाही त्यांना, दिसलं असतं तर आले असते. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं, पण हे एक शाबूत राहिलं, असं तिला वाटलं.

ती घरी आली ती चाकांच्या खुर्चीतून. दुकानातूनच घरात जायची वाट होती. मुलगी खुर्ची ढकलत होती, आणि निळ्या पडद्याच्या शेजारी, भिंतभर, नवा फोटो लावलेला होता. भेगांची जमीन, डोंगर, वर काळ्या ढगाचा पहाड, आणि मधोमध एक लाल ठिपका. ठिपक्याचा हात वर. खाली नाव लिहिलं होतं, 'साद'.

"शेवटच्या क्षणी बटण दाबलं गेलं बघ," फोटोवाले घाईने म्हणाले. "मला तरी कुठे ठाऊक होतं. धुतल्यावर कळलं."

ती बघत राहिली. हात होता, ठीक आहे, चुकून आला असेल. पण फोटो उभा होता. उभा! तिने स्वतःच्या हातांनी कॅमेरा आडवा बसवला होता. उभा करायचा तर स्क्रू सैल करायचा, तो जुना, गंजलेला, बोटं सोलणारा स्क्रू. मग कॅमेरा वळवायचा, मग पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा नेम धरायचा. हे सगळं ती इतक्या वेळा करून बसली होती की त्याला लागणारा वेळ तिच्या अंगात मुरला होता. आणि तो सगळा वेळ तिचा हात वर होता.

ती मुलीकडे वळली. तोंडातून नुसता घरघराट आला. तिने उजवा तळहात आधी आडवा धरला, मग हळूच उभा केला. आडवा, उभा. आडवा, उभा.

"हो गं आई," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "छान आलाय फोटो."

फोटोवाल्यांना मात्र खूण बरोबर समजली. ते आत निघून गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिल्याचा आवाज आला.

त्यानंतर ती रोज त्या फोटोसमोर बसायची. तिची जागाच ती होती, काउंटरच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात न येईलशी. गिऱ्हाईक विचारायचं, "ही बाई कुणाला बोलावतेय हो?" आणि फोटोवाले म्हणायचे, "उजेडाला." पहिल्यांदा म्हणताना चाचरले होते, पुढे सवय झाली. तिला आता काही नको होतं. औषध नको, सेवा नको. फक्त त्यांनी एकदा समोर बसून म्हणावं, मला दिसलं होतं. एवढ्यासाठी ती जीव धरून होती. ते एवढंच म्हणत नव्हते. बाकी सगळं करत होते; भरवत होते, औषधं वेळेवर देत होते, उशी नीट करत होते. कधी नव्हे ते तिच्याकडे बघायचं मात्र टाळत होते.

'साद'ला मोठ्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात त्यावर कुणीतरी भरभरून लिहिलं, की अफाट सृष्टीपुढे माणसाने केलेलं हे नम्र अभिवादन आहे. फोटोवाल्यांनी ते कात्रण काचेखाली लावलं. मग सत्कार ठरला. सभागृह गच्च भरलं होतं. मुलगी आईची खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत होती. आईला लाल शाल पांघरली होती, आयोजकांची तशी खास विनंती होती.

हार झाले, भाषणं झाली. फोटोवाले मान खाली घालून दोनच वाक्यं बोलले आणि बसले. सगळं गोडीगुलाबीने आटपलं असतं. पण पलीकडच्या गल्लीतला दुसरा स्टुडिओवाला आला होता, आणि वर्षानुवर्षांची आग त्याच्या पोटात होती. तो उठून म्हणाला, "अभिनंदन. पण खरं सांगा, यात तुमचं काय? बाईने हात वर केला, तुमचं बोट बटणावर पडलं. लॉटरी लागली म्हणायची."

सभागृहात खसखस पिकली. फोटोवाल्यांचे कान लाल झाले. बायकोचं अर्धं अंग गेलं तेव्हा हा माणूस इतका दुखावला नव्हता.

"लॉटरी?" ते माइककडे आले. "तुम्हाला काय कळतंय? आधी मी चौकट आडवी धरली होती. हात वर गेलेला दिसला आणि माझ्या अंगावर काटा आला. पण आडव्या चौकटीत तो हात मरत होता, वर जागाच नव्हती त्याला. घाईत बटण दाबणारा मी नव्हे. मी स्क्रू सैल केला, कॅमेरा उभा केला, पाणसळ बघितली. हात तसाच होता. तरी मी दाबलं नाही! ढगाची सावली डोंगरावर होती, ती तिच्या अंगावरून सरून मागे ऊन पडेपर्यंत मी थांबलो. समजलं? थांबलो! त्याला नजर लागते. लॉटरी म्हणे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पलीकडच्या गल्लीतल्याने हात जोडून हार मानली.

मुलीचे हात खुर्चीच्या दांड्यावर गोठले. तिने खाली बघितलं. आई शांत होती. जे ऐकायचं म्हणून ती इतके दिवस जीव धरून होती ते तिने ऐकलं होतं; फक्त ते तिला सांगितलेलं नव्हतं.

फोटोवाल्यांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे. आलं असलं तरी टाळ्यांत बुडून गेलं. सूत्रसंचालक पुढे आला, अतिउत्साही गडी. "आता एक सुंदर कल्पना! सगळ्यांनी 'साद'मधल्यासारखा हात वर करायचा, आणि सरांनी व्यासपीठावरून आपला फोटो काढायचा!" फोटोवाल्यांचाच जुना स्टँड आला, कॅमेरा चढला. हसत, ढकलाढकली करत अख्ख्या सभागृहाने हात वर केले. एकजण ओरडला, "सर, लवकर या हो, बुडालो!" आणि पुन्हा हशा. मुलीने हात वर केला नाही. आईनेही नाही. खटका उडाला, हात खाली आले, लोक खुर्च्या सरकवायला लागले.

तेव्हा तिने हात वर केला.

सरळ वर, एकटीने. तिला बरं वाटत होतं अशातला भाग नाही, पण ते कारण नव्हतं. तिला एकदा बघायचं होतं. आज मध्ये मैलभर माती नव्हती. ढग नव्हता, पाठ नव्हती. तोंड त्यांच्याकडे होतं. आज ती तिळाएवढी नव्हती. व्यासपीठाला चार पायऱ्या होत्या, तेवढंच अंतर.

फोटोवाल्यांनी कॅमेऱ्यावरून मान उचलली आणि त्यांना ती दिसली. नजरेला नजर मिळाली, यात शंकेला जागा नाही. त्यांचं तोंड कसंनुसं झालं, ओठ हलले, एक पाऊल पुढे पडलं. मुलीला वाटलं, आता येतात. आईलाही वाटलं. हात तिने आणखी ताठ केला.

वरच्या झरोक्यातून संध्याकाळचा उजेड तिरपा आत येत होता. तो नेमका शालीवर पडला होता, आणि हातावर. मागे रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांच्या काळ्या रांगा.

फोटोवाले थांबले. पुढे टाकलेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं. मग तिला ओळखीचा आवाज आला, गंजलेला, बोटं सोलणारा. ते स्क्रू सैल करत होते.

कॅमेरा उभा झाला. ते वाकले, डोळा काचेला लावला, बुडबुडा मधोमध आणला.

तिने हात खाली घेतला आणि शाल ओढून मांडीवर टाकली.

"अगं!" माइक चालूच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "हललीस. गेलं सगळं वाया."

लोक प्रेमाने हसले. मुलीने खुर्ची वळवली आणि दाराकडे चालू लागली. मागे फोटोवाले अजून हाक मारत होते, एकदाच, फक्त एकदाच कर म्हणून.